मदत हवी आहे: हायड्रोस न घालता केलेल्या गुळात सल्फर डायऑक्साइड ११२ पीपीएम कसा?

चुलवण_करवीर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. यंदा एका खरेदीदाराला बिनरसायनाचा गूळ द्यायचा ठरलाय. त्याने खासगी प्रयोगशाळेत नमुना तपासला, सल्फर डायऑक्साइड ११२ पीपीएम (किलोमागे ११२ मिलिग्रॅम) निघाला. मर्यादा ७०. हायड्रोसची, म्हणजे गुळाचा रंग उजळवणाऱ्या गंधकाच्या रसायनाची, पिशवी यंदा गुऱ्हाळावर आणलेलीच नाही.

पद्धत सांगतो. एका आधणाला, म्हणजे एका वेळच्या उकळीला, काहिलीत (मोठ्या कढईत) हजार लिटर रस. चुन्याची निवळी, मग मळी (रसातली घाण) वर आणायला बाजारातली भेंडी पावडर २०० ग्रॅम, मळी काढायची आणि ११८ अंशाला काहील उतरायची. गूळ १९० किलोच्या आसपास पडतो.

आणखी दोन गोष्टी, संबंध असेल-नसेल. पावडर सोडताना गुळव्याला (काहिलीवर गूळ शिजवणाऱ्याला) खोकल्याची उबळ येते, डोळे चुरचुरतात, दहा मिनिटांत थांबतं. चुलव्याचं, म्हणजे चुलवणात चिपाड घालून जाळ करणाऱ्याचं, उलटं. दिवसभर ठणठणीत, पण रात्री आठ-नऊला थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, चालताना धाप. सकाळी बरा. दोन्हीला आम्ही धुराचा त्रास म्हणत होतो. गूळ परत येणं परवडणार नाही आणि माणसं आजारी पडणं तर नकोच. कुठून शोधायला सुरुवात करू?

पंचगंगाकाठ

साखर मिसळता का? गुळात साखर असेल तर तिच्यातला गंधक येतो.

चुलवण_करवीर

नाही दादा. साखरेचं पोतं गुऱ्हाळावर येतच नाही.

अन्नचाचणी

मिसळली असती तरी साखरेने हा आकडा येत नाही. गंधकाच्या धुरीने स्वच्छ केलेल्या पांढऱ्या साखरेतही कमाल ७० पीपीएमच चालतो. म्हणजे नियमातली साखर कितीही घाला, गूळ ७० च्या वर चढणार नाही. ११२ साठी कुणीतरी हायड्रोससारखं सल्फाइट थेट काहिलीत टाकायला हवं.

आता हिशेब बघा. १९० किलो गुळात ११२ पीपीएम म्हणजे साधारण २१ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, त्याच्या वजनाच्या जास्तीत जास्त ७३ टक्के सल्फर डायऑक्साइड होतो. काहीच उडालं नाही असं धरलं तर ३० ग्रॅम पुरे. पण रसात सुरुवातीला टाकलेलं बरंचसं उकळीत उडतं किंवा सल्फेट होऊन जातं. तेव्हा १०० ग्रॅम पडलं आणि त्यातलं ३० टक्के उरलं, तरी तुमचा आकडा जुळतो. १०० ग्रॅम म्हणजे तुमच्या २०० ग्रॅमच्या पुडीतलं निम्मं. माझा पहिला संशय त्या पावडरीवर आहे, आणि गुळव्याचा खोकला तेच सांगतोय. भेंडीच्या चुऱ्याने डोळे चुरचुरत नाहीत. हायड्रोस ओल्या, आंबट, गरम रसावर पडलं की गंधकाचा वायू लगेच सुटतो आणि माणूस त्याच क्षणी खोकतो. त्याला दम्याचा त्रास असेल तर काहिलीपासून आजच लांब ठेवा.

घरच्या घरी एक ढोबळ चाचणी करता येते. स्वतः वाळवलेल्या भेंडीचा चुरा अर्धा ग्रॅम आणि पुडीतली पावडर अर्धा ग्रॅम, दोन वेगळ्या काचेच्या ग्लासांत १००-१०० मिली पाण्यात ढवळा. लगेच औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन थेंबथेंब सोडा आणि तांबूस रंग टिकेपर्यंत मोजा. पाणी निळसर झालं तरी रंग टिकला असंच धरा. भेंडी स्वतः थोडे थेंब खाते, म्हणूनच शेजारी साधा चुरा हवा. पावडरीने त्याच्या कितीतरी पट थेंब गिळले तर तिच्यात रंग मारणारं काहीतरी आहे. हा पुरावा नव्हे, संशय पक्का करायची रीत. हेच आयोडीन गुळाच्या पाण्यावर वापरू नका. गुळाचा स्वतःचा रंग आड येतो आणि त्यातली इतर द्रव्यंही आयोडीन खातात. सल्फाइटच्या कागदी पट्ट्याही गुळावर फसवतात.

प्रयोगशाळेलाही दोन प्रश्न विचारा. मोनिअर-विल्यम्स पद्धत वापरली का, आणि कोरी (नमुन्याशिवाय केलेली) चाचणी वजा केली का? त्या पद्धतीत नमुना आम्लात उकळून निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धरतात आणि तयार झालेलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजतात. ५० ग्रॅम नमुना आणि ०.०१ नॉर्मल द्रावण असेल तर ७० पीपीएमला साधारण ११ मिली लागतं, ११२ ला साडेसतरा. ऊस शिळा असेल, रस आंबला असेल तर उडून येणारं इतर आम्लही यात मोजलं जाऊ शकतं. म्हणून पेरॉक्साइडच्या त्याच द्रावणात बेरियम क्लोराइड घालून सल्फेट खरंच आहे का ते बघायला सांगा.

ढेप_आणि_रवा

वरच्यात एवढंच घालतो की एका नमुन्यावर थांबू नका. एकाच शेताच्या, एकाच दिवशी तोडलेल्या उसाची तीन आधणं करा. पहिलं नेहमीसारखं. दुसरं पावडरीशिवाय, ताज्या भेंडीच्या खोडांवर. तिसरं नुसत्या चुन्यावर. प्रत्येक रव्याच्या (गुळाच्या ढेपेच्या) मधून आणि कडेने मिळून पाव किलो गूळ काढा, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत गच्च भरा आणि दोन दिवसांत पोहोचवा. उघड्या पिशवीत आठवडाभर राहिला तर आकडा आपोआप उतरतो आणि खोटा दिलासा मिळतो.

ताज्या भेंडीसाठी हजार लिटरला साधारण दोन किलो हिरवी खोडं ठेचून पाण्यात चोळा, तार सुटणारा चिकट द्रव गाळून घ्या आणि रस कोमट असताना घाला. उकळी फुटायच्या आत, ८० ते ८५ अंशाला, काळी मळी वर जमते. ती तिथेच काढायची. उकळी फुटली की मळी परत रसात मिसळते, गूळ काळवंडतो आणि मग माणसाचा हात हायड्रोसकडे जातो. चुना अंदाजाने घालू नका, रसाचा सामू (पीएच) ६ ते ६.४ वर थांबा. चुना जास्त झाला तरी गूळ काळा पडतो.

रंगाचं खरं काम मात्र शेतात होतं. पक्व ऊस, शेवटी युरिया नाही, खारवट जमीन नाही, वाढे (उसाचे शेंडे) नीट तोडलेले, तोडणीपासून चरकापर्यंत चोवीस तासांच्या आत. गुळासाठी को ९२००५ या उसाच्या वाणाचा रंग चांगला येतो. आणि खरेदीदाराला आत्ताच सांगून ठेवा की बिनहायड्रोसचा गूळ पिवळाधमक नसतो, तांबूस-सोनेरी असतो. हायड्रोसचा पिवळेपणा काही महिन्यांत उतरतोच.

श्वासआरोग्य

चुलव्याकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. त्याचा आजार धुराचा वाटत नाही. काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप आणि सकाळी उतार, हे बुरशी लागलेल्या चिपाडाचं लक्षण आहे. याला बॅगॅसोसिस म्हणतात. ओलं चिपाड ढिगात आतून तापतं आणि त्यात थर्मोअ‍ॅक्टिनोमायसिस सॅकॅरी नावाचे, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू वाढतात. ढीग उपसला की त्यांची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि शरीर तिच्यावर उलटतं. ताज्या चिपाडाने हे होत नाही. तुम्ही गेल्या हंगामातला, पावसाळा खाल्लेला ढीग तर आता जाळत नाही ना?

डॉक्टरांकडे जाताना 'जुन्या चिपाडाचं काम' हे शब्द त्याने तोंडाने सांगायला हवेत. नाहीतर न्यूमोनिया किंवा टीबी समजून भलतेच उपचार सुरू होतात. वारंवार होत राहिलं तर फुप्फुस कायमचं कडक होऊ शकतं, म्हणून थांबू नका.

तोवर त्याला ढिगावरून हलवा. फडकं तोंडाला बांधून ही धूळ अडत नाही, एन-९५ घट्ट बसवावा लागतो. धूळ बसावी म्हणून ढिगावर पाणी तर अजिबात मारू नका, त्याने बुरशी आणखी वाढते. यापुढे चिपाड उन्हात कडक वाळवूनच रचा, ढिगाखाली फळ्या किंवा दगड घाला, वरून झाका आणि आधी रचलेलं आधी जाळा.

चुलवण_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. ढीग गेल्या वर्षीचाच आहे. वरून कोरडा, हातभर आत पांढरी बुरशी आणि वाफ. चुलव्याला आज सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) पाठवलं, चिपाडाचं चिठ्ठीवर लिहून दिलंय.

आयोडीन करून बघितलं. साध्या भेंडीच्या पाण्यात पाचव्या थेंबाला रंग टिकला. पावडरीच्या पाण्यात साठ थेंब सोडले तरी पाणी पांढरंच, मग मोजणं सोडलं. ग्लासाला काडी विझवल्यासारखा वास होता. तीन आधणं परवा करतोय. आमच्याकडे अशा अकरा पुड्या उरल्यात, त्यांचं काय करू?

अन्नचाचणी

दोन पुड्या सीलबंद, बिलासकट ठेवा. तपासणीला आणि विक्रेत्याला जाब विचारायला लागतील. बाकीच्या ओढ्यात, उकिरड्यावर किंवा चुलवणात टाकू नका. हायड्रोस थोड्या पाण्याने भिजलं की आपोआप तापून पेट घेतं आणि विषारी वायू सोडतं. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, चिपाडापासून लांब, छपराखाली ठेवा आणि गुळव्याला डब्यावर मोठ्या अक्षरांत 'रसात घालू नये' असं लिहायला सांगा. विक्रेत्याने परत घेतल्या तर पोहोच घ्या.