काम नसलं तरी हप्ता चालूच

डिझाइनचं सॉफ्टवेअर अ‍ॅडोबीसारखं मासिक हप्त्यावर घेतलेलं बरं, महिन्याला थोडे थोडे गेले तर कळत नाही, एकदम मोठी रक्कम घालायला नको, हे तुमचं म्हणणं पगारदाराला ठीक आहे हो, पण आमच्यासारख्या सुटी कामं करणाऱ्या डिझायनरकडे दिवाळी अंक आणि लग्नसराई सोडली तर मधे दोन-दोन महिने कोरडे जातात आणि हप्ता मात्र बरोब्बर तारखेला कापला जातो. क्लायंट बिल देणार तीन महिन्यांनी, तेही चार फोन केल्यावर!

२०१३ मध्ये अ‍ॅडोबीने सीएस६ (एकदाच पैसे भरून मिळणारं त्यांचं शेवटचं व्हर्जन) नंतर फक्त क्लाउड, म्हणजे हप्त्यावरच, असं जाहीर केलं, त्याआधी एकदा घेतलेलं व्हर्जन लोक वर्षानुवर्षं वापरायचे. शिवाय मंथली वाटतं ते बऱ्याचदा वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असतं, मधेच सोडलं तर दंड. अमेरिकन सरकारने २०२४ मध्ये याच मुद्द्यावर त्यांच्यावर केस केली.

सगळ्यात खुपतं ते फाइल्सचं. तीन वर्षांनी जुन्या गिऱ्हाइकाला व्हिजिटिंग कार्डवर फक्त फोन नंबर बदलून हवा असतो, दोनशे रुपयांचं काम, आणि आपणच केलेली फाइल उघडायला आधी महिनाभराचे पैसे भरा. इनडिझाइनवाल्यांनी (अ‍ॅडोबीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर) निदान फाइलची आयडीएमएल प्रत काढून ठेवा, ती अ‍ॅफिनिटी या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, मराठी जोडाक्षरं मात्र एकदा तपासून घ्या. व्हिडिओवाल्यांचं बरंय, दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकटातच बरंच काही करतं.