ताठ बसल्याने बर्नआउट जातो म्हणे

निळी शाई:
आमच्या कार्यालयाच्या गटावर मनुष्यबळ विभागाने एका वेलनेस प्रशिक्षकाचा लेख पाठवला आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: मोबाइल पाहताना मान साठ अंशांत झुकली की मणक्यावर २७ किलोंचा भार पडतो, खांदे पाडून बसणाऱ्याचेच मन खचते, म्हणून बर्नआउट, म्हणजे कामाने पुरते खचून जाणे, हा मुळात बसण्याच्या वाईट सवयीतून येतो, आणि ज्याला जमिनीवरून हात न टेकता उठता येत नाही, त्याने आपले आयुष्य किती उरले ते ओळखावे. या लेखावर वरिष्ठांनी टाळ्यांची चिन्हे उमटवली आणि रोज दुपारी ‘ताठ बसा’ सत्र जाहीर झाले. रात्री साडेनऊला सुरू होऊन अकरापर्यंत चालणाऱ्या अमेरिकेबरोबरच्या बैठकीबद्दल लेखात अवाक्षर नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

२७ किलोंचा आकडा न्यू यॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांच्या २०१४ मधील निबंधातला आहे. ते संगणकावर केलेले गणित होते. त्यात एकाही रुग्णाची मान तपासलेली नव्हती. मान झुकली की स्नायूंवरचा ताण वाढतो, हे कोणीही मान्य करील. पण ताण वाढला म्हणजे इजा झाली, हा निष्कर्ष त्या गणितातून निघत नाही. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींची बसण्याची ढब मोजून तिची वर्गवारी करण्यात आली, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मान पुढे काढून बसणाऱ्यांत मानदुखी अधिक असल्याचे त्यांत आढळले नाही.

बर्नआउटबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीच्या निमित्ताने स्पष्ट केले आहे की, तो आजार नसून कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी अलिप्तता किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे. यांतले एकही अंग खुर्चीच्या पाठीत नाही.

मणकेदुरुस्ती:
मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करतो आणि निळी शाई यांचा लेख वाचून मला आनंद आणि संताप एकाच वेळी झाला. हंसराज यांच्या निबंधातल्या झुकलेल्या मानेच्या चित्राला आमच्या व्यवसायातल्या लोकांनीच दवाखान्याच्या भिंतीवर टांगून ठेवले आहे, हे खरे. परंतु ज्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा दाखला आपण दिला, त्यातला सोयीचा अर्धा भागच दिला. त्याच अभ्यासात खांदे पाडून, पोक काढून बसणाऱ्या गटात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली होती. मन आणि पाठ यांचा काहीच संबंध नाही असे आपण सुचवणार असाल, तर तो आकडाही मांडावा.

म्हातारपणाविषयी सांगायचे तर कॅलिफोर्नियातील रँचो बर्नार्डो येथे १,३५३ वयस्क लोकांना उताणे झोपवून, डोके सरळ राहण्यासाठी त्याखाली किती ठोकळे ठेवावे लागतात ते मोजले होते. २००४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षानुसार ज्यांना पोक होते, त्यांचा मृत्युदर इतरांच्या १.४४ पट होता. तेव्हा पोक ही केवळ दिसण्याची बाब नव्हे.

राहता राहिला माझा संताप, तर तो निराळाच आहे. रुग्ण माझ्याकडे येतो तो ‘मणक्यात गॅप आली आहे, नस दबली आहे’ असे स्वतःच निदान करून. त्याला शेक हवा असतो, यंत्राने ओढून घ्यायचे असते, गळ्याला पट्टा हवा असतो. व्यायाम सांगितला की तो पुढच्या वेळी शेजारच्या दवाखान्यात जातो. यावर कोणी धागा काढत नाही.

रस्सीखेच:
डॉक्टरसाहेब, नैराश्य असलेला माणूस खांदे पाडून बसतो की खांदे पाडून बसल्यामुळे त्याला नैराश्य येते, हे एकाच वेळी घेतलेल्या मोजमापातून कळत नाही, एवढे तरी आपण जाणत असालच. पोक असलेल्यांच्या मृत्यूबाबतही तसेच आहे. मणक्याची हाडे ठिसूळ होऊन दबली, फुप्फुसे कमजोर झाली, स्नायू आटले, म्हणून पोक आले असेल, तर पोक हे लक्षण ठरते. ते सरळ करून आयुष्य वाढेल असे त्यातून सिद्ध होत नाही. ताठ उभे राहिल्याने अंगातली रसायने बदलतात, असा दावा २०१० मध्ये अमेरिकेत मोठ्या थाटात झाला होता. २०१५ मध्ये अधिक माणसे घेऊन तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही. आत्मविश्वास वाटला, इतकेच. तो तर चांगला चहा प्यायल्यावरही वाटतो.

सेवानिवृत्त वाहक:
मी एसटीत वाहक होतो, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा माझा थोडा हक्क आहे. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी होता. आमच्या गाडीला वरचा मजला नव्हता, पण भरलेल्या गाडीत पुढून मागे वाट काढत तिकिटे फाडणे हा व्यायाम जिन्यापेक्षा कमी नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माझ्याबरोबरचे चालक निवृत्तीपर्यंत कंबरेचे दुखणे घेऊन बसले, मी आजही मंडईतून पिशव्या उचलून आणतो. ढब वगैरे काही नाही. माणूस हलला पाहिजे.

रस्सीखेच:
काका, आपल्या पिशव्यांविषयी आदर राखून सांगतो की, याच मॉरिस यांनी १९५६ मध्ये बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षा कंबरेला मोठ्या होत्या आणि हा फरक नोकरीच्या सुरुवातीच्या वयातही दिसत होता. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीपूर्वीचाच होता. आपले चालक मित्र कंबरदुखीने का बेजार झाले, याचे उत्तर गाडीच्या स्प्रिंगांत, रस्त्यांत आणि दुहेरी पाळीतही सापडेल.

सेवानिवृत्त वाहक:
दुहेरी पाळी मीही केली आहे. विजारीच्या मापावरून मला शिकवू नये.

पाटपाणी:
सगळे जण मूळ मुद्दा सोडून भलतीकडे चालले आहेत. निळी शाई यांनी उठबस चाचणीची थट्टा केली, ती मला खटकली. ब्राझीलचे क्लाउडिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला लावले. एकूण १० गुण, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक आधाराला एक गुण वजा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ० ते ३ गुण मिळवणाऱ्यांचा मृत्युदर ८ ते १० गुण मिळवणाऱ्यांपेक्षा पाचपटींहून अधिक होता. आमच्या घरी पाटावर मांडी घालून जेवण्याची पद्धत होती, तेव्हा ही परीक्षा प्रत्येक जण रोज दोनदा देत असे आणि कोणी नापास होत नसे. जेवणाचे टेबल आणि कमोड या दोन वस्तूंनी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची ढोपरे जेवढी निकामी केली, तेवढी कोणत्याही रोगाने केली नसतील. माझे आजोबा नव्वदीत पाटावरून हात न टेकता उठत.

धुणेभांडी:
तुमचे आजोबा उठत असत, ते ठीक आहे. आजींचे गुडघे कसे होते, ते सांगाल का? पंगतीत मांडी घालून बसणारे पुरुष होते आणि त्या पंगतीला कमरेत वाकून वाढणाऱ्या, नंतर उकिडवे बसून खरकटे काढणाऱ्या, धुणे धुणाऱ्या, सारवणाऱ्या बायका होत्या. माझ्या आईने आयुष्यभर हेच केले आणि शेवटी तिच्या दोन्ही गुडघ्यांची वाटी बदलावी लागली. तिला जमिनीवरून उठण्याचा सराव कमी पडला होता, असे म्हणण्याची हिंमत तुम्ही कराल का?

अभ्यासच हवा असेल तर बीजिंगचा घ्या. २००१ मध्ये आलेल्या निष्कर्षात बीजिंगच्या वयस्क स्त्रियांमध्ये गुडघ्याचा संधिवात अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळला, आणि २००४ मध्ये त्याच संशोधकांनी दाखवले की तरुणपणी दिवसातून दीर्घकाळ उकिडवे बसण्याशी त्याचा संबंध आहे. पंचविशीत रोज तासभर किंवा अधिक उकिडवे बसत असल्याचे सांगणाऱ्या बायका सुमारे ६८ टक्के होत्या, पुरुष ४० टक्के. कमोड आला तेव्हा माझ्या आईने देवाचे आभार मानले होते.

पाटपाणी:
ताई, मांडी घालणे आणि उकिडवे बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या मुद्दाम एक करत आहात. शिवाय त्याच बीजिंगच्या लोकांत खुब्याचा संधिवात अमेरिकन लोकांपेक्षा ८० ते ९० टक्क्यांनी कमी होता, तो आकडा आपण का गाळला? आणि आजीचा विषय काढून मला अपराधी ठरवण्याचे कारण नव्हते.

धुणेभांडी:
खुब्याचा आकडा मान्य आहे. मात्र त्याचे श्रेय बसण्याला आहे की हाडांच्या घडणीला, हे त्या अभ्यासातून ठरलेले नाही. आजीचा विषय मी काढला नाही, आजोबांचा तुम्ही काढला. ज्या घरात एकाच्या बसण्याला संस्कृती म्हणतात आणि दुसरीच्या बसण्याची कोणी दखलही घेत नाही, त्या घरातील उदाहरणावरून सगळ्या समाजाला निरोगी वार्धक्याचा उपदेश करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मणकेदुरुस्ती:
कृपया शांत व्हावे. उठबस चाचणी पायांतील ताकद, तोल, लवचिकता आणि वजन या सगळ्यांची एकत्रित बेरीज दाखवते. ज्याचे हृदय किंवा मेंदू आधीच दुर्बल झाला आहे तोही त्यात नापास होतो. शिवाय पाटावर बसल्याने आयुष्य वाढते, असे अराउजो यांच्या अभ्यासाने तपासलेलेच नाही. ज्यांच्या गुडघ्यात झीज आहे त्यांनी आजोबांशी स्पर्धा करू नये, कारण त्या स्पर्धेचे परिणाम मला निस्तरावे लागतात.

न्यू जर्सीकर:
मी वीस वर्षे इकडे आयटीत आहे. मला उभे राहून काम करण्याचे टेबल मिळाल्यापासून पाठ दुखत नाही आणि मनही ताजे राहते. निळी शाई यांचा सूर पाहून वाटते की, त्यांना प्रत्येक गोष्टीत मालकाचा कट दिसतो. रात्रीची बैठक नको असेल तर दुसरी नोकरी पाहावी. दहा मिनिटे ताठ बसायला सांगितले म्हणून एवढा मोठा लेख लिहायला वेळ मिळतो, यावरूनच कामाचा ताण किती आहे ते कळते.

निळी शाई:
ती रात्रीची बैठक आपल्या सोयीच्या वेळेला असते, साहेब. तिकडे तेव्हा दुपार असते. लेख मी रविवारी लिहिला, आणि नोकरी बदलण्याचा सल्ला गृहकर्जाच्या हप्त्यासह दिला असता तर अधिक उपयोगी पडला असता.

कटाविषयी बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे मांडलेला अंदाज पाहा. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडलेले मृत्यू सुमारे ७ लाख ४५ हजार होते. आपल्याकडे मात्र २०२३ मध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगतात, २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे विधान समोर येते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळ कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी देते. अशा वेळी माझ्या थकव्याचे कारण माझ्या खांद्यांत शोधणारा लेख निरागस राहत नाही. खांदे माझे असल्यामुळे सुधारण्याची जबाबदारीही माझीच ठरते. बैठकीची वेळ मी ठरवत नसल्यामुळे तिच्याविषयी कोणाला काही करावे लागत नाही.

रस्सीखेच:
न्यू जर्सीकर यांच्या पाठीचे अभिनंदन. टेबल बदलले त्याच सुमारास त्यांची बढती झाली होती का, घरून काम सुरू झाले होते का, हेही त्यांनी सांगावे, म्हणजे श्रेय वाटून देता येईल.

न्यू जर्सीकर:
घरून काम सुरू झाले होते. त्याने काही सिद्ध होत नाही.

रस्सीखेच:
अगदी बरोबर. टेबलानेही होत नाही.

मणकेदुरुस्ती:
निळी शाई यांचा तासांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी त्यांचा सूर आवडला नाही तरी. पण एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही. ढब नव्हे, ताकद. आणि ताकदीसाठी कोणतेही वय उशिराचे नसते. १९९० मध्ये बोस्टनला शुश्रूषागृहातील नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचे वजनी व्यायाम दिले, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहाच माणसे होती, हे रस्सीखेच यांनी सांगण्यापूर्वी मीच सांगतो. २०१४ चा मोठा अमेरिकी प्रयोग ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर झाला: एका गटाला चालणे, ताकद आणि तोल यांचे नियमित व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्याने. चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणारे व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के. फरक थक्क करणारा नाही, पण तो प्रत्यक्ष प्रयोगातून आलेला आहे, आणि त्यात कोणालाही ताठ बसा असे बजावून भागलेले नव्हते. याउलट पोक आलेल्या साठीपुढच्या लोकांना सहा महिने योगासने शिकवली, तेव्हा २००९ च्या त्या अभ्यासात पाठीचा बाक एका मोजपट्टीने थोडा कमी झालेला दिसला, पण त्यांच्या शारीरिक क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही.

सेवानिवृत्त वाहक:
म्हणजे शेवटी पिशव्या उचलणेच बरोबर ठरले. हे मी आधीच म्हणालो होतो, पण माझ्याकडे इसवी सन नव्हते.

पाटपाणी:
एवढ्या विद्वानांनी सांगितले आहे तर मांडीचे स्नायू बळकट असावेत, हे मीही उदार मनाने मान्य करतो, आणि धुणेभांडी यांच्या आईंसाठी कमोड असावा याला माझी हरकत कधीच नव्हती. जेवण मात्र मी पाटावरच करणार.

धुणेभांडी:
अवश्य करा. ताट तेवढे स्वतः उचलून मोरीपर्यंत न्या, म्हणजे ताकदीचा व्यायामही होईल.