डिस्टिलरीच्या ईटीपी टाकीतला गाळ: डिटेक्टर शून्य दाखवतोय, माणूस उतरवावा का?

मळीवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याला जोडलेली डिस्टिलरी आहे. गाळप हंगाम आटोपला, आता ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची) इक्वलायझेशन टाकी, म्हणजे सगळं सांडपाणी आधी एकत्र होतं ती, साफ करायची आहे. जमिनीखालची आरसीसी टाकी: 6 मीटर लांब, 5 रुंद, 4 खोल. वर स्लॅब, त्यात 600 मिमीची दोन मॅनहोल. स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून झाल्यावर उरणारं सांडपाणी) आणि फ्लोअर वॉशिंग दोन्ही तिथेच येतं. पाणी उपसलंय, तळाला साधारण 45 सेंमी गाळ आहे.

ठेकेदाराची सहा माणसं येणार. त्याचं म्हणणं, आदल्या रात्री झाकणं उघडी ठेवायची, सकाळी वास गेला की उतरायचं, वर्षानुवर्षं असंच चालतं. चार गॅसचा डिटेक्टर दोरीने खाली सोडला तर एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस) 0, ऑक्सिजन 20.8 टक्के. स्टोअरमध्ये काडतुसवाले (हवा नुसती गाळणारे) हाफ मास्क आहेत.

एवढ्यावर परमिट (आत उतरायची लेखी परवानगी) द्यावं का? काडतुसवाला मास्क चालेल का? आणि कोणी आत पडलाच तर नेमकं काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

ईटीपी_काका

परमिट देऊ नका. कारण डिटेक्टरचा शून्य हा वरच्या हवेचा शून्य आहे, गाळातल्या गॅसचा नाही. गॅस गाळात विरघळून बसलेला असतो आणि फावडं लागलं की सुटतो.

आकडेच मांडतो. गाळ 6 × 5 × 0.45 म्हणजे साडेतेरा घनमीटर. त्यात लिटरमागे 20 मिलिग्रॅम सल्फाइड धरा, स्पेंटवॉशच्या गाळाला हा काही मोठा आकडा नव्हे. एकूण 270 ग्रॅम. तेवढं सगळं 120 घनमीटरच्या टाकीत सुटलं तर हवेत सुमारे 1,600 पीपीएम (दहा लाख भागांत 1,600 भाग) होतात. सगळं सुटत नाही, मान्य. पण दहावा हिस्सा सुटला तरी 160. जिवाला तात्काळ धोका मानतात ती पातळी 100 पीपीएम आहे. 500 च्या पुढे काही मिनिटांत माणूस कोसळतो, 700 ते 1,000 ला एक-दोन श्वासांत. दोरी ओढायलासुद्धा सवड मिळत नाही.

दुसरी गोष्ट पीएच. पीएच 7 ला सल्फाइडचा साधारण निम्मा भाग गॅस म्हणून बाहेर यायला मोकळा असतो, 6 ला जवळजवळ नव्वद टक्के, 8 ला दहाच टक्के, 9 ला एखादा टक्का. स्पेंटवॉश मुळातच आम्ल. त्यात कोणी खरड काढायला अॅसिड ओतलं, किंवा शेजारच्या न्यूट्रलायझेशन टाकीचा अॅसिडचा व्हॉल्व्ह पासिंग (बंद करूनही गळत) असला, की गॅस एकदम उठतो. म्हणून आधी चुन्याची निवळी सोडून गाळाचा पीएच 9 च्या वर न्या, पट्टीने तपासा. पण चुन्याने सल्फाइड नाहीसं होत नाही, पाण्यात दाबून राहतं एवढंच. पीएच खाली आला की पुन्हा तेच. चुना टाकल्यावर अमोनिया सुटून डोळे झोंबतात, तेही लक्षात असू द्या.

इनलेटचे नुसते व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. फ्लँज उघडून ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाका किंवा स्पूलच (पाइपचा मधला तुकडा) काढून ठेवा. ओव्हरफ्लोची पाइप शेजारच्या टाकीला जोडलेली असते, तिच्यातून तिकडचा गॅस इकडे येतो. बहुतेक जण हीच पाइप विसरतात.

आणि मुळात माणूस उतरवायचाच कशाला? वरून जेट मारून गाळ पातळ करा, स्लज पंप सोडा, सक्शन टँकर लावा. नव्वद टक्के गाळ वरूनच निघतो. कोपऱ्यातला शेवटचा थर राहिला तरच एन्ट्रीचा विचार.

गॅसटेस्टर

काकांशी सहमत. डिटेक्टरबद्दल थोडं माझ्याकडून.

हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर मेला की तोही शून्यच दाखवतो. म्हणजे चांगली हवा आणि मेलेला सेन्सर दोन्हींचा आकडा एकच. रोज कामाआधी बम्प टेस्ट करा: कॅलिब्रेशनचा सिलिंडर (साधारण 25 पीपीएम एचटूएसचा असतो) लावायचा, आकडा वर चढतो का आणि अलार्म वाजतो का ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. सिलिंडरवरची एक्स्पायरीही बघा, हा गॅस सिलिंडरमध्येसुद्धा टिकत नाही. सेन्सरचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं.

दोरीने सोडलेला डिटेक्टर वर ओढेपर्यंत आकडा पडतो. तुम्ही वर आल्यावर वाचला असेल तर तो झाकणाजवळचा आकडा. निदान पीक रीडिंग (मीटरने नोंदवलेला सर्वात मोठा आकडा) तरी बघा. खरं म्हणजे पंपवाला डिटेक्टर आणि टेफ्लॉनची नळी हवी. साध्या रबरी नळीच्या भिंतींना हा गॅस चिकटतो आणि आकडा कमी येतो. 5 मीटर नळीला निदान दोन मिनिटं थांबा. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. वर, मध्ये आणि गाळाच्या पृष्ठभागापासून वीतभर वर, असं दोन्ही मॅनहोलमधून आणि कोपऱ्यांकडे. नळीचं टोक गाळात बुडालं तर पाणी आत ओढून पंप बसतो, म्हणून टोकाला पाणी अडवणारा फिल्टर लावा.

सगळ्यात महत्त्वाचं: बांबूने किंवा जेटने गाळ ढवळा आणि मग पुन्हा मोजा. ढवळण्याआधीच्या आकड्यावर परमिट लिहूच नका.

20.8 ऑक्सिजनने खूश होऊ नका. ऑक्सिजन 0.1 ने खाली यायला हवेत दुसरा कुठलातरी वायू सुमारे अर्धा टक्का मिसळावा लागतो, अर्धा टक्का म्हणजे 5,000 पीपीएम. दमट हवेनेही तेवढा फरक पडतो. थोडक्यात, ऑक्सिजनचा आकडा या गॅसबद्दल काहीच सांगत नाही. आणि ऑक्सिजन फारच कमी असेल तर जाळून मोजणारा एलईएल (ज्वलनशील गॅसचा) सेन्सर खोटं कमी दाखवतो, म्हणून तर ऑक्सिजन आधी बघायचा. सेन्सरची कमाल मर्यादा ओलांडली की काही मॉडेलवर आकड्याऐवजी खूण येते. ती खूण बघून "मीटर बिघडला" म्हणत तो बंद करणारे महाभाग असतात.

अलार्म 10 आणि 15 पीपीएमला ठेवा. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हेच आकडे होते: आठ तासांची सरासरी 10, पंधरा मिनिटांसाठी 15. अमेरिकेतली एसीजीआयएच संस्था तर 1 आणि 5 म्हणते.

फावडं_आणि_घमेलं

वास गेला म्हणजे गॅस गेला, असंच सगळे धरून चालतात. यात चूक काय?

डॉ_कामगारआरोग्य

नेमकी इथेच माणसं मरतात. कुजक्या अंड्याचा वास पीपीएमच्या शंभराव्या भागालाही येतो, पण 100 ते 150 च्या आसपास नाकाची वास घेणारी नस बधिर होते. आधी घाण वास येत होता आणि खाली गेल्यावर थांबला, तर हवा सुधारली असं नाही, कदाचित दहापट बिघडली.

हा गॅस सायनाइडसारखा वागतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. मेंदू आणि हृदय आधी बंद पडतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 98 दाखवत असतो आणि माणूस बेशुद्ध असतो, तेव्हा त्या आकड्यावर जाऊ नका.

कमी मात्रेत रोज राहिलं तर डोळे लाल होणं, वाळू गेल्यासारखं खुपणं, दिव्याभोवती वलयं दिसणं, डोकेदुखी, मळमळ, खोकला. एक साधी खूण आहे: ईटीपीवर ड्यूटी करणाऱ्याचा चांदीचा करगोटा, अंगठी किंवा तांब्याचं कडं काळं पडत चाललं असेल, पॅनलमधल्या तांब्याच्या तारा काळ्या होत असतील, तर तिथल्या हवेत हा गॅस कायम आहे. मीटर काहीही म्हणो.

बाहेर काढल्यावर: मोकळ्या हवेत, वारा जिकडून येतो त्या बाजूला. श्वास नसेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, बॅग-मास्क वापरा. नाडी नसेल तर छाती दाबणं चालू करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, मास्कने 10 ते 15 लिटर ऑक्सिजन. डोळे 15 मिनिटं पाण्याने धुवा. 108 ला फोन करताना "गॅस लागला" एवढंच सांगू नका, हायड्रोजन सल्फाइड हे नाव सांगा. डॉक्टर सोडियम नायट्राइट द्यायचं का ते ठरवतील. ते लवकर दिलं तरच उपयोगी, शिवाय रक्तदाब पाडतं, म्हणून कारखान्यात कोणी टोचू नये.

शुद्धीवर आला म्हणून घरी पाठवू नका. फुप्फुसात पाणी भरणं काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही सुरू होतं. किमान 24 तास देखरेखीखाली ठेवा. पडताना डोक्याला मार लागलाय का, नाकातोंडात गाळ गेलाय का, हेही बघायचं. विसरभोळेपणा किंवा चालताना तोल जाणं नंतर महिनोन् महिने राहू शकतं.

ईटीपी_काका

मास्क आणि माणूस पडला तर काय, हे राहिलं होतं.

काडतुसवाला मास्क इथे नाही म्हणजे नाही. ऑक्सिजन कमी असेल तर तो निरुपयोगी, आणि 100 पीपीएमच्या वर वापरायलाच नको. ओला रुमाल तर स्वतःची फसवणूक. हवेचा स्वतंत्र पुरवठा लागतो. पाठीवरचा सेट 6 लिटर 300 बारचा म्हणजे 1,800 लिटर हवा. कष्टाच्या कामात मिनिटाला 40 लिटर लागते, म्हणजे 45 मिनिटं. शिट्टी वाजल्यानंतरची हवा बाहेर पडायला ठेवली तर काम जेमतेम 30 मिनिटं. शिवाय सेट पाठीवर असताना 600 च्या मॅनहोलमधून शिडीने उतरताना अडकायला होतं. म्हणून एअरलाइन मास्क (बाहेरून नळीने हवा येते तो) आणि कमरेला छोटी एस्केप बाटली (बाहेर पडण्यापुरत्या हवेची) बरी. एअरलाइनचा कॉम्प्रेसर डिझेल जनरेटरच्या धुरापासून लांब ठेवा, नाहीतर मास्कमधूनच कार्बन मोनॉक्साइड पाजाल.

ब्लोअर: नावाला ताशी 2,500 घनमीटरचा असला तरी 8 मीटर डक्ट आणि दोन वळणांनंतर 1,500 मिळाले तर नशीब. टाकीची हवा सात वेळा बदलायला 840 घनमीटर लागतात, म्हणजे सुमारे 35 मिनिटं. डक्टचं टोक तळाजवळ न्या, कारण गॅस हवेपेक्षा सुमारे दीडदोन दशांश जड आहे आणि तळाशी रेंगाळतो. ब्लोअर काम संपेपर्यंत चालू. फ्लेमप्रूफच हवा, टाकीत मिथेनही असतो आणि हा गॅस स्वतः 4.3 टक्क्यांपासून पेटतो. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडून "हवा सुधारायची" नाही, कपडे पेट घेतात. दिवा 24 व्होल्टचा, फ्लेमप्रूफ. मोबाइल बाहेर.

प्रत्येकाला फुल बॉडी हार्नेस, दोरी पाठीच्या डी-रिंगला, वर ट्रायपॉड आणि विंच. 70 किलोचा बेशुद्ध माणूस दोघांनी हाताने 4 मीटर सरळ वर ओढणं जमत नाही, करून बघा एकदा वाळूची पोती बांधून. मॅनहोलवरचा माणूस काही झालं तरी जागा सोडणार नाही आणि आत उतरणार नाही. कोणी पडला तर: अलार्म, विंच फिरवा, ब्लोअरचं टोक त्याच्या बाजूला वळवा, बस्स. आत जायचं तर स्वतंत्र हवेचा सेट घालून आणि दोरी बांधूनच. अमेरिकेच्या नायॉश संस्थेने 1986 मध्ये इशारा दिला होता की बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेले होते. एकामागून एक तिघे-चौघे जातात ते असे.

कायद्यात हे नवं नाही. कारखाने अधिनियम 1948 चं कलम 36 हेच सांगत आलं: एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेर धरलेल्या दोरीला बांधलेला पट्टा. ठेकेदाराचं "वर्षानुवर्षं" त्यात कुठे बसत नाही.

मळीवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. साहेबांशी बोललो, सक्शन टँकर आणि जेट मिळतंय, माणूस उतरवणार नाही. टँकर मॅनहोलला चिकटून उभा केला तर चालेल ना?

गॅसटेस्टर

नको. टँकरचा व्हॅक्यूम पंप टाकीतला गॅस ओढून आपल्या एक्झॉस्टमधून बाहेर फेकतो, तो नेमका ड्रायव्हर आणि हेल्परच्या तोंडाशी. होज लांब घ्या, टँकर मॅनहोलपासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभा करा आणि एक्झॉस्टला पाइप जोडून उंच न्या. हेल्परच्या छातीवर डिटेक्टर लावा, खिशात नाही, नाकापासून वीतभर अंतरावर.

झाकण पहारीने उचलताना वाऱ्याकडे पाठ, आणि आत डोकावायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही झाकणांना जाळी आणि कुलूप, किल्ली परमिटबरोबर सुपरवायझरकडे. सुट्टीनंतर पुन्हा मोजल्याशिवाय जेट सुरू करू नका, मधल्या तासाभरात गॅस परत साठतो.