३१ वर्षं, पाच महिने पाळी नाही, एफएसएच ४८: याला 'पाळी गेली' म्हणायचं का?

उपकेंद्र, चोपडा तालुका: एफएसएच, म्हणजे बीजांडकोशाला चालना देणारं संप्रेरक, चढलेलं. गरोदरपणाची तपासणी निगेटिव्ह. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं संप्रेरक) नॉर्मल, इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) १५, म्हणजे कमी. पाळी आणायच्या गोळ्या देऊनही रक्तस्राव नाही. घरचे म्हणतात, "सुटली एकदाची." पुढे काय करायचं?

स्त्रीरोग, धुळे: रजोनिवृत्ती म्हणू नका. याला पीओआय म्हणतात: चाळिशीच्या आतच बीजांडकोशाचं काम मंदावतं, पण अधूनमधून सुरूही होतं. शंभरात पाचेक जणींना आपोआप दिवस जातात. मूल नको असेल तर गर्भनिरोधन लागतंच.

चार महिने पाळी नाही आणि एफएसएच २५ च्या वर, एवढ्यावर निदान होतं. शंका असेल तर चार-सहा आठवड्यांनी परत करा. नुसत्या कमी एएमएचवर (शिल्लक बीजांचा अंदाज देणारी तपासणी) शिक्का मारू नये. गोळ्यांनी पाळी आली नाही, कारण इस्ट्रोजेनविना गर्भाशयाचं अस्तरच तयार होत नाही. गर्भाशयाच्या टीबीतही येत नाही, पण तिथे एफएसएच सहसा नॉर्मल असतं. बीजांडकोशातल्या चॉकलेट सिस्टचं (जुन्या रक्ताच्या गाठीचं) ऑपरेशन, किमो, रेडिएशन झालंय का, तेही विचारा.

लॅब टेक्निशियन, जळगाव: केसांसाठी बायोटिन घेते का? जास्त डोस असेल तर काही मशीनवर एफएसएच खोटं कमी आणि इस्ट्राडिओल खोटं जास्त दिसतं, म्हणजे आजार झाकला जातो. दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगा.

कारण शोधायला दोन तपासण्या: कॅरिओटाइपचं (गुणसूत्रांची तपासणी) रक्त हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये, एफएमआर१ चं (एका जनुकाची तपासणी) जांभळ्या ईडीटीएमध्ये. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात. आपल्याकडे मे महिन्यात कुरिअरच्या डब्यात नमुना शिजतो, आणि बर्फाला चिकटवून पाठवला तर गोठतो. दोन्हींत कल्चर उगवत नाही.

स्त्रीरोग, धुळे: उपचार पाळी दिसावी म्हणून नाहीत. हाडं आणि हृदयासाठी आहेत, साधारण पन्नाशीपर्यंत. नेहमीचा डोस: इस्ट्राडिओल रोज २ मिग्रॅ, सोबत महिन्यातले १२ ते १४ दिवस मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन २०० मिग्रॅ. गर्भाशय असताना एकटं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढत जातं, पुढे कॅन्सरचा धोका. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हे चालत नाही. सुरू करायचं ते डॉक्टरांनी तपासूनच.

बिघडतं ते बहुतेक इथे: अंगातून येणाऱ्या गरम वाफा थांबल्या की बाई गोळ्या सोडते. (उन्हाळ्यात त्या वाफा 'ऊन बाधलं' म्हणून कित्येक दिवस अंगावर काढलेल्या असतात.) सुरुवातीलाच डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. कॅल्शियम दिवसाला १००० मिग्रॅ. केळ्यात ते नावालाच, नागलीत १०० ग्रॅमला तीनशेच्या वर.

उपकेंद्र, चोपडा तालुका: धाकट्या बहिणीलाही तपासायचं?

स्त्रीरोग, धुळे: आधी हिचा एफएमआर१ येऊ द्या. ५५ ते २०० रिपीट (जनुकातला एकच तुकडा तितक्या वेळा) निघाले तर बहिणीची तीच तपासणी, आणि शक्यतो तिने मूल लांबवायचं ठरवण्याआधी. हिच्या थायरॉईड आणि अॅड्रिनलच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) अँटिबॉडीही बघा. अॅड्रिनल निकामी होत असेल तर थकवा आणि कमी बीपीकडे 'अशक्तपणा' म्हणून दुर्लक्ष होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.