३१ इंची टायर घेण्याआधी

जुन्या फोर-व्हील गाडीचे २३५/७५ आर १५ मापाचे (२३५ मिमी रुंद, १५ इंची रिमचे) टायर काढून थेट ३१ इंची ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर घालायचा सल्ला कुणीतरी दिलाय. दिसायला झकास, पण आधी हिशेब बघा. जुन्या टायरचा व्यास साधारण ७३३ मिमी, नव्याचा ७८७. म्हणजे काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६ च्या आसपास पळत असेल. गिअरिंगही तेवढंच लांबतं, म्हणजे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. जुनं दमलेलं इंजिन चढावर लगेच धापा टाकतं. शिवाय या ३१ इंची टायरच्या १०.५ इंच रुंदीला किमान ७ इंच रुंद रिम लागते, जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा ६ चीच असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो तेही पाहा.

माझं मत, मूळ मापातच ऑल-टेरेन घ्या. घेताना टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे (बनवल्याची तारीख) वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मी एकदा नक्षी बघूनच भुललो होतो, घरी आल्यावर कळलं की माल पाच वर्षं जुना!

आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये (हवी तेव्हाच चारही चाकांना ताकद देणारी गाडी) ती ताकद जोडलेली असताना वेगळ्या मापाचं एक चाक कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला, पीळ देतं.