डिस्नेलँडची जुनी छायाचित्रे: ‘तेव्हा बाजार नव्हता’ हे खरे आहे का?

सदाशिव_पेठकर: काल येथे डिस्नेलँडची १९५५-५६ सालची छायाचित्रे टाकून खाली लिहिले गेले, की ‘तेव्हा तिथे बाजार नव्हता, निखळ आनंद होता.’ हे वाचून गप्प बसवेना. तिसरे चित्र मोठे करून पाहावे. उद्यानाच्या टुमॉरोलँड या विभागातल्या रॉकेटवर टीडब्ल्यूए या विमान कंपनीची अक्षरे ठळक दिसतात. मेन स्ट्रीट या विभागात अपजॉन कंपनीचे औषधाचे दुकान होते, बँक ऑफ अमेरिकाची शाखा होती, आणि टुमॉरोलँडमध्ये मोन्सँटो या रसायन कंपनीने रसायनशास्त्राचे दालन मांडले होते. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावच्या संत्र्यांच्या बागा तोडून सुमारे वर्षभरात उभारलेल्या या उद्यानाला १ कोटी ७० लाख डॉलर लागले, आणि त्यातल्या काही पैशांच्या बदल्यात वॉल्ट डिस्नेंनी एबीसी या अमेरिकी वाहिनीला दूरचित्रवाणी मालिका करून दिली. १७ जुलै १९५५ ला, उद्घाटनाच्या दिवशी, बनावट पास घेऊन हजारो लोक शिरले, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे पुरेसे नळही नव्हते. यात निखळ काय होते?

नलिनी_फ्रेमाँट: ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. माझे सासरे साठच्या दशकात शिकायला कॅलिफोर्नियात आले. त्यांच्या डायरीत डिस्नेलँडच्या तिकीटपुस्तिकेतली ‘ए’ वर्गाची दोन तिकिटे अजून आहेत, कारण मोठ्या खेळांची ‘ई’ तिकिटे आधी संपत आणि ‘ए’ची उरत. ते दरवर्षी ती काढून दाखवत. हा आनंद तुम्ही ताळेबंदात कुठे मांडणार?

सदाशिव_पेठकर: नलिनीताई, खेळागणिक तिकीट फाडणे हाच तर बाजार!

काळोखी_खोली: आपण दोघेही चित्रांकडे नीट पाहत नाही. पहिले आणि पाचवे चित्र मुळात कृष्णधवल असून यंत्राने रंगवलेले आहे. उद्यानातला किल्ला आजच्यासारखा गुलाबी दाखवला आहे. तेव्हाच्या खऱ्या रंगीत पारदर्शिकांत (स्लाइडमध्ये) तो बराच करडा दिसतो. अंधारात जपलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचा रंग आजही टिकून असतो, मग अंदाजाने रंग भरायची गरजच काय? माझ्या वडिलांच्या पारदर्शिका एका स्टुडिओने न विचारता ‘सुधारून’ दिल्या आणि आईचा मोरपंखी शालू निळा करून टाकला. तो शालू माझ्या कपाटात आहे. मी तो चित्राशेजारी धरला आणि मला रडू आले.

नलिनी_फ्रेमाँट: म्हणजे मी खोटारडी? नातवंडे कृष्णधवल चित्राकडे ढुंकून पाहत नाहीत. रंग भरल्याने ती थांबतात, प्रश्न विचारतात.

काळोखी_खोली: आणि चुकीचे उत्तर घेऊन जातात. नोव्हेंबर १९६१ मध्ये नेहरू डिस्नेलँड पाहायला गेले होते. त्या कृष्णधवल चित्रांत त्यांच्या पोशाखाचा रंग आता यंत्राने ठरवायचा का?

सदाशिव_पेठकर: मूळ मुद्दा बाजाराचा होता, रंगाचा नव्हे.

काळोखी_खोली: मुद्दा तोच आहे. आपल्याला हवा तसा भूतकाळ तुम्ही म्हणता तसा शब्दांनी रंगवला जातो, आणि मी म्हणतो तसा यंत्रानेही.

नलिनी_फ्रेमाँट: तुमचा आवाज चढलेलाच राहणार, म्हणून एकदाच लिहिते. पहिले आणि पाचवे चित्र मी काढून टाकले आहे. रॉकेटवरची अक्षरे मला खरोखरच दिसली नव्हती, त्यामुळे ‘बाजार नव्हता’ हे शब्द खोडते. ‘आनंद होता’ हे मात्र तसेच राहील. ती दोन तिकिटे मी उद्या स्कॅन करून, रंगाला हात न लावता, येथे टाकते.