गायकाच्या अटकेमागची कलमे कुठे पाहावीत?

प्रश्न: अंधेरीतील एका गायकाच्या अटकेची बातमी वाचली, एका वर्तमानपत्रात ‘फसवणूक’, दुसऱ्यात ‘विश्वासघात’ असे छापले आहे, कलम मात्र कुणीच दिलेले नाही. मूळ नोंद पाहता येते का?

उत्तर १: महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रथम खबर अहवाल (एफआयआर) पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार ते साधारणपणे २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात, मात्र लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली जातात. पोलीस ठाण्याचे नाव अचूक हवे. ‘अंधेरी’ आणि ‘अंबोली’ ही वेगळी ठाणी आहेत.

उत्तर २: नव्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) दिसल्यास गोंधळू नका, ते जुन्या भारतीय दंड संहितेतले फसवणुकीचे ४२०च आहे, मात्र कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीचे असल्यास दंड संहितेचेच कलम लागते. आरोपपत्रात कलमे वाढतात किंवा गळतातही.

प्रश्नकर्ता: अहवाल सापडला. दंड संहितेचे कलम ४०६ आहे, म्हणजे विश्वासघातच.